मुंबईत जुनी रेसिंग फ्रेम इतकी दुर्मीळ का?

रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं की कार्बनच्या जाडजूड काळ्या सायकलींच्या घोळक्यात एखादी बारीक नळ्यांची, रंग उडालेली जुनी स्टीलची सायकल हल्ली हमखास दिसते. अशा फ्रेम शोधणारेही वाढलेत आणि त्याबरोबर विकणाऱ्यांचे भावही. चोर बाजारात, भंगारवाल्याकडे किंवा एखाद्या सोसायटीच्या जिन्याखाली सापडलेली कुठलीही पातळ दांडीची सायकल आता 'विंटेज रेनॉल्ड्स', म्हणजे रेसिंगच्या नळ्यांसाठी नावाजलेल्या ब्रिटिश रेनॉल्ड्स कंपनीची, म्हणून दाखवली जाते. बहुतेक वेळा ती तशी नसते. याचं कारण विकणाऱ्याच्या लबाडीपेक्षा आपल्या सायकल उद्योगाच्या इतिहासात जास्त आहे.

मुंबईत सायकल कारखाना आला तो 1939 मध्ये, वरळीला: हिंद सायकल्स. स्वातंत्र्यानंतर बाकीचे आले. चेन्नईजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अॅटलस, 1956 मध्ये लुधियानात हिरो. नावं वेगळी, पण माल जवळपास एकच: 28 इंची चाकं, रॉडचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर आणि साध्या स्टीलच्या, सगळीकडे सारख्याच जाडीच्या नळ्या. डबेवाला, दूधवाला, पाववाला अशा ओझं वाहणाऱ्यांसाठी ही सायकल होती आणि त्या कामात ती उत्तमच होती. मात्र तिच्याही नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोकळ धातूच्या खोबणीत, बसवून झाळलेल्या असतात. त्यामुळे 'लगची फ्रेम आहे बघा' या वाक्याला आपल्याकडे काडीची किंमत नाही. लग तर दूधवाल्याच्या सायकललाही असतात.

रेसिंग फ्रेमची गोष्ट वेगळ्या गावात सुरू होते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याचा मूळ धंदा खिळ्यांचा. 1897 मध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्सने बटेड नळीचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. फ्रेमवर सगळ्यात जास्त ताण येतो तो सांध्यांपाशी आणि झाळताना उष्णतेने नळी कमजोर होते तीही तिथेच. मग टोकं जाड ठेवा आणि मधला भाग पातळ करा. बाहेरून फरक दिसत नाही, जाडी आतून बदलते. 1935 मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनम मिश्रधातूची 531 नळी आली. तिची भिंत टोकाला सुमारे 0.8 मिलिमीटर, मध्ये 0.5 च्या आसपास. ही नळी वेल्डिंगसाठी नव्हती. तिला लगमध्ये बसवून पितळेने किंवा चांदीमिश्रित धातूने कमी उष्णतेवर झाळावं लागे. जुन्या फ्रेमवरचे ते नक्षीदार लग शोभेसाठी नाहीत, झाळलेला सांधा धरायला ते लागत. कारागिरांनी नंतर कानस घेऊन त्यांना नाजूक टोकं काढली, ते वेगळं. मिलानमध्ये हेच काम कोलंबस ही कंपनी करत होती. पुढची चाळीस-पन्नास वर्षं युरोपातल्या शर्यती प्रामुख्याने अशाच नळ्यांवर झाल्या.

मुंबईला या जगाची ओळख नव्हती असं मुळीच नाही. 1923 मध्ये अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण याच शहरातून सायकलवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 1928 मध्ये परतले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा सायकल संघ उतरला, त्यातही पारशी नावं होती. मुंबई-पुणे शर्यत तर कित्येक पिढ्यांनी पाहिली. बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. चालवणारे होते, बघायला रस्त्यावर गर्दी होती, नव्हती ती चांगली फ्रेम. देशी उद्योगाला संरक्षण म्हणून सायकल आयातीवर परवान्यांचा पहारा बसला होता. बाहेरची फ्रेम यायची ती मर्चंट नेव्हीतल्या कुणाच्या सामानातून, आखातातून परतलेल्या नातेवाइकाबरोबर, वकिलातीतल्या साहेबाने जाताना विकलेली किंवा परदेशी स्पर्धेला गेलेल्या खेळाडूने आणलेली. आलेली फ्रेम मग दहा हातांतून फिरायची आणि दर हाताला नवा रंग चढायचा.

यातला विरोधाभास 1980 या एका वर्षात दिसतो. त्या उन्हाळ्यात डच सायकलपटू योप झूटेमेल्कने टूर द फ्रान्स जिंकली ती टीआय-रॅले संघाकडून. हा टीआय म्हणजे ब्रिटनचा ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूह. सायकल कंपनी रॅले त्याचीच, रेनॉल्ड्सही त्याचीच आणि चेन्नईच्या मुरुगप्पा घराण्याबरोबर अंबत्तूरचा कारखाना काढला तोही त्यानेच. पण आपल्याला त्यातून मिळाली ती हर्क्युलीस आणि बीएसए, 531 नव्हे. त्याच 1980 मध्ये इथे हिंद सायकल्स आणि सेन-रॅले यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. तिकडे रेनॉल्ड्सच्या नळीवर टूर जिंकली जात होती आणि इकडे आजारी कारखान्याला सरकारच्या खाटेवर हलवलं जात होतं.

आयातीवरची संख्यात्मक बंधनं पूर्ण उठली 1 एप्रिल 2001 ला. तोवर शर्यतीतली सायकल अॅल्युमिनियमवरून कार्बनकडे निघाली होती. पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, रॅलेने नॉटिंगहॅममधली जुळणी थांबवली. म्हणजे स्टीलच्या रेसिंग फ्रेमचा जो ऐन भराचा काळ, 1950 ते 1990, तो जवळजवळ जसाच्या तसा आपल्या परवानाराजात गेला. इथल्या जिन्यांखाली 531 सापडत नाही त्याचं कारण हे. लंडन-मिलानच्या गॅरेजमध्ये ती धूळ खात पडलेली असते, कारण तिथे ती कधीकाळी सरळ दुकानातून विकत घेतलेली असते.

जुन्या सायकलींची आजची हौसही आयात केलेलीच. 1997 मध्ये इटलीत गायोले इन कियांती इथे लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली: 1987 पूर्वीच्या सायकली, गिअरचे खटके खालच्या नळीवर, पायडलला पट्टे. तिथून हे वेड पसरलं.

आता खरेदीकडे. 'रॅले' हा शब्द आधी बाजूला ठेवा. हँडलखालच्या नळीवर बगळ्याचा बिल्ला असलेली रॅले आसनसोलचीही असते आणि ती ओझ्याचीच सायकल आहे. स्टिकरही बाजूला ठेवा, ती आता छापून मिळतात. सीटची दांडी बाहेर काढून तिचा व्यास मोजा. ब्रिटिश 531 डबल बटेड (दोन्ही टोकं जाड) फ्रेममध्ये तो बहुधा 27.2 मिलिमीटर भरतो, 25.4 किंवा 26 च्या आसपास आला तर नळी जाड आणि साधी आहे असं समजायला हरकत नाही. दांडी निघतच नसेल तर भाव निम्म्यावर आणा. अॅल्युमिनियमची दांडी स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं राहिली आणि त्यात समुद्राची खारी हवा मिळाली की दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की शेवटी दांडी करवतीने आतून चिरून काढावी लागते.

मुंबईत गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त मारतो. चार महिन्यांच्या पावसात सीटच्या फटीतून शिरलेलं पाणी नळीतून उतरतं आणि तळाशी, जिथे क्रँकचा एक्सल बसतो त्या डबीत, साचून राहतं. म्हणून एक्सल आणि त्याच्या छर्ऱ्यांचे कप काढायला लावा, टॉर्च मारा. भुरकट पूड दिसली तर चालेल, पोपडे सुटून हातात येत असतील तर नाही. डबीला लागून मागे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या पोटावर पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोका. चांगली नळी खणखणते, आतून खाल्लेली बद्द वाजते. ही पक्की परीक्षा नव्हे, पण संशय घ्यायला पुरते. आणि ताज्या चकचकीत रंगाची फ्रेम घेऊच नये असं माझं मत आहे. तडकलेला, उडालेला जुना रंग काही लपवत नाही. त्याखालची भेग, चेप, वाकलेला चिमटा सगळं उघड दिसतं.

जुळणी करताना खरी डोकेदुखी मापांची. ब्रिटिश डबीची रुंदी 68 मिलिमीटर, इंचाला 24 आटे आणि उजव्या बाजूला उलटे. इटालियन 70 मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सुलटे. नॉटिंगहॅमच्या कित्येक रॅलेना तर इंचाला 26 आटे, कंपनीचे स्वतःचे. कप चुकीचा घेऊन पान्ह्याने दामटला की डबी गेली. मागच्या हबची जागा पाच गिअरच्या काळात 120 मिलिमीटर, मग 126, आणि आजच्या रिम ब्रेकच्या हबला लागते 130. स्टीलची मौज अशी की 126 ची फ्रेम दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर काळजीपूर्वक ताणून 130 करता येते. अॅल्युमिनियम किंवा कार्बनला हे करायला जाऊ नये. 27 इंची चाकांच्या जागी आजची 700सी मापाची बसतात, रिमचा व्यास 630 ऐवजी 622, म्हणजे ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली पोचले पाहिजेत. छर्रे, ग्रीस, पान्हे नागदेवी रस्त्यावर मिळतात आणि चाकाचा आऊट काढायला गल्लीतला सायकलवाला पुरतो, किंबहुना बरेचदा तोच सरस.

रंगासाठी मात्र साकीनाक्याच्या गाळ्यात फ्रेम टाकून निघून येऊ नका. गेट-ग्रिलच्या सवयीने केलेलं सँडब्लास्टिंग अर्ध्या मिलिमीटरच्या नळीला फार होतं, आणि पावडर कोटिंगचा थर आट्यांत जाऊन बसतो. गंज हलका असेल तर ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात कडक वाळवून आतून जवसाचं तेल फिरवलं की पुष्कळ झालं. आणि कुठे सांधा सुटलाच असेल तर गॅसवर पितळेची झाळ देणारा जुना कारागीर शोधा. ग्रिलवाल्याच्या आर्क वेल्डिंगला ती नळी देऊ नका, तिला भोक पडतं.