बदलत्या साहाय्याचे पॉवर स्टिअरिंग आणि रस्त्याची जाण वाढवणारे फेरबदल

वेगानुसार मदत कमी-जास्त करणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये बदल करून टायरखालचा रस्ता चालकाच्या हाताला अधिक स्पष्ट कळावा, यासाठी ही कामे केली जातात. गाडी लावताना स्टिअरिंग हलके हवे आणि वेगात स्थिर हवे, या दोन मागण्यांचा मेळ कारखाना बहुसंख्य चालकांच्या सोयीने घालतो. त्यामुळे काही गाड्यांत भर वेगातही मदत इतकी उरते की हाताला फारसे काही कळत नाही.

रस्त्याची जाण येते ती टायरमधून. वळणात टायरवरचा बाजूचा जोर त्याच्या संपर्कभागाच्या मध्यापासून थोडा मागे पडतो, म्हणून चाक सरळ होऊ पाहते आणि तो ओढा हाताला जाणवतो. पकड संपत आली की हे मागचे अंतर आधी घटते. बाजूचा जोर अजून वाढत असतानाच स्टिअरिंग हलके पडू लागते. चालकाला मिळणारी सर्वांत मोलाची पूर्वसूचना हीच, आणि फेरबदलाची कसोटीही हीच असायला हवी. नुसते जड झालेले स्टिअरिंग हा बदल दाखवत नसेल, तर दंड दुखण्यापलीकडे काही साधत नाही.

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1920च्या दशकात द्रवदाबाच्या स्टिअरिंगवर काम केले, तर विक्रीच्या मोटारींत ते 1951 साली क्रायस्लर इम्पीरियलमधून आले. वेगाबरोबर स्टिअरिंग जड करणारी सिट्रोएनची दिरावी रचना 1970च्या एसएम मोटारीत होती. तिच्यातला हाताला लागणारा भार मात्र द्रवदाबाने निर्माण केलेला असे, टायरकडून आलेला नव्हे.

नेहमीच्या द्रवदाब रचनेत स्टिअरिंगचा दांडा आणि पिनियन (त्याच्या टोकाचे छोटे दातेरी चाक) यांच्यामध्ये एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी सळई, असते. हात फिरला की ती पिळते, भोवतीच्या व्हॉल्व्हच्या वाटा एका बाजूला अरुंद होतात आणि तेलाचा दाब रॅकच्या (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) पिस्टनवर येतो. बार जाड असेल तर तितक्याच मदतीसाठी हाताला जास्त जोर लावावा लागतो. जाड बार किंवा वेगळ्या घडणीचा व्हॉल्व्ह बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पण त्यासाठी व्हॉल्व्ह उघडून पुन्हा नेमका मध्यावर जुळवावा लागतो. तो चुकला तर गाडी स्वतःहून एका बाजूला ओढते.

पंपाचा प्रवाह कमी करणे त्याहून सोपे आहे, पण इथे एक हिशेब विसरून चालत नाही. व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेवर तयार होणारा दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. प्रवाह 20 टक्के घटवला तर तितक्याच पिळाला मिळणारा दाब सुमारे 36 टक्क्यांनी उतरतो. शिवाय अडथळा चुकवताना स्टिअरिंग झपाट्याने फिरवले आणि तेल पुरले नाही, तर मदत ऐन वेळी तुटते. दाबमर्यादेच्या व्हॉल्व्हला हात लावून मात्र जाण वाढत नाही. तो मुख्यतः उभ्या गाडीत चाके पूर्ण वळवताना कामी येतो.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाड्यांत वायरिंगमध्ये रोध (विजेचा प्रवाह कमी करणारा भाग) किंवा स्वतंत्र नियंत्रक बसवण्याची पद्धत आहे. यात रचना ओळखल्याशिवाय हात घालणे धोक्याचे, कारण वीज तोडल्याचा परिणाम प्रत्येकीत वेगळा असतो. फोर्डच्या अनेक गाड्यांत सोलेनॉइडचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाचा) विद्युतप्रवाह वाढला की तेल कमी मिळते, म्हणून कनेक्टर काढला की स्टिअरिंग कायमचे हलके होते. झेडएफ या जर्मन कंपनीच्या सर्व्होट्रॉनिक रचनेत उलट घडते आणि ते जड होते. जनरल मोटर्सच्या मॅग्नास्टीअरमध्ये विद्युतचुंबकाच्या प्रवाहाची दिशा बदलून मदत वाढवतात किंवा घटवतात. वीज नसताना ती मधल्या पातळीवर राहते. म्हणजे फोर्डच्या त्या गाड्यांत एकसर जोडणीत बसवलेला रोध उलट स्टिअरिंग आणखी हलके करेल. नियंत्रक स्वतः प्रवाह मोजत असेल तर रोधाचा परिणामच होत नाही, किंवा दोषाची नोंद होते.

खरे तर सुरुवात मदतीपासून करूच नये. झिजलेले टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणाऱ्या दांड्याची टोके), घट्ट झालेला स्टिअरिंग जॉइंट, रॅकचे मऊ पडलेले रबरी बुश हे सारे बारीक संकेत वाटेतच गिळतात. ते बदलले, रॅकला पॉलियुरेथेनचे बुश घातले आणि कॅस्टर कोन (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) थोडा वाढवला की परतीचा ओढा भरीव होतो. मात्र कॅस्टरमुळे येणारा ओढा पकड संपत असतानाही टिकतो, त्यामुळे तो अति वाढवला तर टायरची पूर्वसूचना झाकली जाते.

विद्युत स्टिअरिंगमध्ये (1988ची सुझुकी सर्व्हो ही त्याची पहिल्या मोटारींपैकी एक) मदतीचे कोष्टक सॉफ्टवेअरमध्ये असते. कारखान्याने दिलेल्या पर्यायांपैकी दुसरे कोष्टक निवडणे हा सुरक्षित मार्ग आहे. टॉर्क सेन्सरचा संकेत बाहेरून बदलणे टाळावे, कारण मोटर किती आणि कोणत्या दिशेने जोर लावेल हे त्याच संकेतावर ठरते. स्टिअरिंगबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम 79 मध्ये प्रवासी मोटारीसाठी हाताच्या जोराची मर्यादा शाबूत रचनेत 150 न्यूटन आणि मदत बंद पडल्यावर 300 न्यूटन आहे.