दुम्मागुडेम कालवा

गोदावरीच्या पात्रातील खडक चुकवून मालाच्या नावा वर-खाली नेता याव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकात खोदलेला कालवा. दुम्मागुडेम हे गाव भद्राचलमच्या वरच्या अंगाला, आजच्या तेलंगणात आहे. मात्र या कालव्याचा खरा धनी होता वऱ्हाड-नागपूरचा कापूस.

हा कापूस वर्धा आणि प्राणहितेतून गोदावरीत उतरवून थेट काकीनाडा बंदराला पोहोचवायचा आणि परतीच्या नावांतून किनाऱ्यावरचे मीठ वर आणायचे, अशी ही योजना होती. धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. प्रत्यक्ष काम हेग या अभियंत्याकडे होते. वाटेत तीन अडथळे होते : दुम्मागुडेम, इंद्रावतीच्या संगमाखालचे इचंपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमारी. तिन्ही ठिकाणी पाणी खडकांतून फेसाळत उतरते. उन्हाळ्यात तर हे खडक उघडे पडतात आणि भरलेली नाव पुढे सरकत नाही.

यावर उपाय म्हणजे नदीला आडवा बंधारा घालायचा, वरचे संथ पाणी बाजूच्या कालव्यात घ्यायचे आणि पातळीतला फरक जलपाशाने, म्हणजे लॉकने, तोडायचा. नाव दगडी हौदात शिरली की मागचा दरवाजा बंद होतो. झडपांतून पाणी सोडले की नाव हळूहळू खाली बसते. आतले पाणी बाहेरच्या पातळीला आले, की पुढचा दरवाजा उघडायचा. वर जाताना हाच क्रम उलटा. उतरत्या नदीला पायऱ्या पाडण्याचीच ही रीत.

दुम्मागुडेमला बंधारा, कालवा आणि जलपाश उभे राहिले. पण एकच अडथळा ओलांडून भागत नव्हते. वरचे दोन तसेच राहिले तर वर्ध्याकाठची गाठ समुद्रापर्यंत जाणार कशी? योजनेचे दुखणे नेमके इथेच होते. तिन्ही कामे पुरी झाल्याशिवाय एकाचाही पुरा उपयोग नव्हता. तेवढ्यात 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला बारमाही वाट मिळाली आणि तीही पश्चिमेकडे. 1871 मध्ये सरकारने वरच्या गोदावरीवरील जलवाहतुकीचे काम सोडून दिले.

याची झळ सिरोंचाला लागली. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचे हे गाव तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय होते. 1874 मध्ये तो जिल्हाच मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. आज ते गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे ठिकाण आहे.