पोट भरण्यापलीकडचा चारा

दाणा आणि पेंड हेच जनावराचे खरे पोषण, सुकी वैरण केवळ पोट भरण्यापुरती, असा समज अजूनही सर्रास आढळतो. वैरणीचे काम खरोखर एवढेच असते, तर तिच्या जागी काहीही चालले असते. संशोधकांनी ते करूनही पाहिले: खुराकावर पोसलेल्या गुरांना शिंपल्यांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या गोळ्या, इतकेच काय, पोटात उलगडणारे राठ केसांचे ब्रशही दिले. प्लॅस्टिकमधून जनावराला कणभरही ऊर्जा मिळत नाही. तरीही त्याचा काही उपयोग होऊ शकतो, आणि त्याचे कारण विलक्षण सुंदर आहे.

वैरणीचे लांब, राठ धागे कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात, तरंगता थर धरतात आणि पोटाच्या भिंतीला, विशेषतः अन्ननलिकेच्या मुखाजवळ आणि जाळीपोटात (त्याला लागूनच्या कप्प्यात), सतत घासतात. तो स्पर्श मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतो आणि घास पुन्हा तोंडात येऊन रवंथ सुरू होते. चघळताना लाळ वाढते. मोठ्या गाईला दिवसाला 100 लिटरहून अधिक लाळ सुटते आणि तिच्यातील बायकार्बोनेट व फॉस्फेट कोठीपोटातील आम्ल सौम्य करतात.

हे आम्ल म्हणजे शत्रू नव्हे. सूक्ष्मजीवांनी तयार केलेली ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले हाच गाईचा मुख्य ऊर्जास्रोत असतो. परंतु दाण्यातील स्टार्च फार वेगाने आंबतो, रवंथ कमी असल्याने लाळ अपुरी पडते, आणि सामू (pH; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) 6 च्या खाली उतरू लागला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. तो 5 च्या आसपास घसरला की लॅक्टिक आम्ल साचते, जे वरील तिन्हींपेक्षा बरेच तीव्र आहे. मग भिंतीला सूज येते आणि तिच्यातून निसटलेले जिवाणू यकृतात गळू करतात.

म्हणूनच तीच वैरण पिठासारखी दळून दिली, तर रासायनिक पृथक्करणात तंतू तेवढेच भरतात, पण रवंथ मात्र घटते. ‘वैरणीची गरज संपवणारी भुकटी’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की भुकटी भिंतीला घासू शकत नाही.

ब्रश घासू शकतो, पण चघळता येत नाही, आणि दुधातील स्निग्धांशासाठी लागणारे ॲसिटिक आम्लही त्यापासून तयार होत नाही. दुभत्या गाईच्या बाबतीत तो वैरणीची जागा घेऊ शकत नाही, ते यामुळेच.