गुन्हा घडलेला असणे आणि धोका चालू असणे

ग्वाल्हेरमध्ये बँका, सराफ आणि गोदामे यांच्याकडे नेमल्या जाणाऱ्या सुरक्षारक्षकांना कायद्याचे दोन तास शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि पहिल्या तासाला मी एकच प्रश्न विचारतो: तुम्ही दारात उभे आहात, आत गडबड सुरू झाली आहे, तर बंदूक केव्हा चालवाल? मागच्या बाकावरून कोणीतरी, बहुधा फौजेतून निवृत्त झालेला, ठाम आवाजात सांगतो, "साहेब, तो पैसे घेऊन पळायला लागला की." बाकीचे माना डोलावतात. नेमका तोच क्षण असा असतो, की त्या वेळी जीवघेणी गोळी झाडण्याचा हक्क बहुतेक प्रसंगी संपलेला असतो. उत्तर देणारा मूर्ख नसतो. त्याचे लक्ष गुन्ह्यावर असते आणि कायद्याचे लक्ष धोक्यावर असते, एवढाच काय तो फरक. पण या एवढ्याशा फरकापायी चांगली माणसे कारागृहात गेलेली मी पाहिली आहेत.

परवाना म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या शहराच्या मोठ्या वस्तीचे नावच लष्कर आहे, जिथे वरातीत दुनळी मिरवली जाते, आचारसंहिता लागली की ठाण्यात बंदुका जमा करण्यासाठी रांगा लागतात, आणि जिथे २०१९ मध्ये परवान्याच्या अर्जदाराने आधी दहा झाडे लावावीत असा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांकडून निघाला होता, तिथे १९५९ चा शस्त्र कायदा निदान ऐकून तरी सगळ्यांना ठाऊक असतो. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की परवान्याने शस्त्र बाळगता येते, आणि ते केव्हा चालवावे याबद्दल परवाना काहीच बोलत नाही. त्या प्रश्नापुरते बँकेचा रक्षक, स्वतःचे रिव्हॉल्व्हर कमरेला लावून पेढीवर येणारा मुनीम आणि हातात नुसती काठी असलेला शिपाई हे तिघेही कायद्यापुढे एकाच रांगेत उभे असतात. गणवेशानेही काही वाढत नाही. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या कायद्याने रक्षकाला पोलिसाचे अधिकार दिलेले नाहीत. उलट पोलिसांसारखा किंवा सैन्यासारखा दिसणारा गणवेश खाजगी रक्षकाने घातला, तर त्याला शिक्षा ठेवली आहे.

'स्वसंरक्षण' हा शब्दही मला खटकतो. त्या शब्दामुळे रक्षकाला वाटते, की आपल्या अंगावर आले तरच आपल्याला हात उचलता येईल, आणि समोर रोखपालाचा गळा आवळला जात असताना तो घुटमळतो. कायद्यातला शब्द खाजगीरीत्या बचाव करण्याचा हक्क असा आहे, आणि त्यात स्वतःइतकेच दुसऱ्या कोणाचेही शरीर, तसेच स्वतःची वा दुसऱ्याची मालमत्ता येते. सहकाऱ्याला वाचवण्यासाठी त्याच्याशी नाते असावे लागत नाही, की तसा लेखी आदेशही असावा लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि बचावाचा विषय तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला. जुन्या दंड संहितेतील ९६ ते १०६ ही कलमे जवळपास तशीच तिथे उतरली असल्यामुळे जुने निकाल आजही उपयोगी पडतात. यांपैकी कलम ४० रक्षकाने पाठ करावे असे माझे मत आहे. शरीराच्या बचावाचा हक्क गुन्हा पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. गुन्ह्याच्या प्रयत्नामुळे किंवा धमकीमुळे धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की तो सुरू होतो आणि ती भीती टिकेल तोवरच टिकतो, असे ते कलम सांगते. म्हणजे ज्याने अजून काहीच केलेले नाही त्याच्यावर गोळी झाडणे कायदेशीर ठरू शकते, आणि ज्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घोर अपराध केला आहे त्याच्यावर झाडलेली गोळी खून ठरू शकते. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हणतो, कारण पहिल्यांदा ते ऐकू येऊनही पोहोचत नाही.

वर्गात मी फरशीवर खडूने शाखा आखतो: काउंटर, दार, दाराबाहेरच्या पायऱ्या आणि रस्ता. एका प्रशिक्षणार्थीच्या हातात चाकू म्हणून लाकडी पट्टी आणि खांद्याला कापडी पिशवी देतो आणि त्याला सावकाश चालायला लावतो. तो काउंटरपाशी रोखपालाच्या मानेला पट्टी लावून उभा असतो, तेव्हा मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती उघड असते. कलम ३८ प्रमाणे शरीरासाठी आणि कलम ४१ प्रमाणे मालमत्तेसाठी, दोन्ही वाटांनी बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. मग तो वळतो. वाटेत खुर्चीवर एक म्हातारे पेन्शनर बसलेले आहेत आणि पट्टी अजून त्याच्या मुठीत आहे. इथे वर्गात वाद होतो आणि तो व्हायलाच हवा, कारण उत्तर पिशवीवरून मिळत नाही. हात कोणाकडे वळला आहे, किती अंतरावर आहे, यावरून मिळते. मग तो दार ओलांडतो, पायऱ्या उतरतो, त्याची पाठ आपल्याकडे असते, पुढे रस्ता मोकळा असतो. कलम ४३ म्हणते, की जबरी चोरीविरुद्धचा हक्क तात्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवण्याची भीती चालू असेपर्यंतच राहतो. पायऱ्यांवर ती भीती संपली. चोरीविरुद्धचा हक्क मात्र त्याहून लांब चालतो, म्हणजे चोर माल घेऊन निसटून जाईपर्यंत, माल परत मिळेपर्यंत किंवा पोलिसांची मदत पोहोचेपर्यंत. पण साध्या चोरीविरुद्ध मृत्यूखेरीज दुसरी इजाच करता येते. धावून त्याचा पाय अडकवा, काठी घाला, पिशवी ओढा. पाठीत गोळी घालण्याची मुभा यात कुठेही नाही.

यावर हमखास प्रश्न येतो, की मर्यादा थोडी ओलांडली तर न्यायालय समजून घेत नाही का. घेते. बचावाचा हक्क सद्भावनेने बजावताना हातून जास्त घडले, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरावा, असा अपवाद कलम १०१ मध्ये आहे. पण ओलांडण्यासाठी मर्यादा मुळात अस्तित्वात असावी लागते. हक्क संपल्यावर झाडलेल्या गोळीला 'जास्त झाले' ही सवलत मिळत नाही, आणि हे सांगताना वर्गात जी शांतता पसरते ती मला मुद्दाम हवी असते.

याच्या उलट बाजूचीही भीती घालवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात या विषयाची तत्त्वे क्रमवार मांडली. शेतजमिनीच्या वादात वडिलांवर गंडाशाचा, म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्यासारख्या हत्याराचा, वार झाल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली होती. तो निर्दोष सुटला. हल्ल्यात सापडलेल्या माणसाने पाठ दाखवून पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि त्या गोंधळात त्याने बचावाचे माप काट्यावर तोलावे अशीही नाही, हे त्या निकालात स्पष्ट आहे. तेव्हा धोका चालू असताना हात आखडता घेणारा रक्षक आणि धोका संपल्यावर चाप ओढणारा रक्षक, या दोघांनी एकच गोष्ट चुकीची वाचलेली असते.

दरोड्याचे प्रसंग क्वचितच येतात. रोज येतात ती भांडणे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून मिळाले नाही म्हणून खिडकीपाशी आईमाईवरून शिव्या सुरू होतात, आतला कारकून उठून उभा राहतो, आणि रक्षक खांद्यावरची बारा बोरची बंदूक सावरत दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. व्यवस्थापकांना हे दृश्य फार आवडते. मला ते पाहवत नाही. शिवीविरुद्ध बचावाचा हक्क नाही, कारण शिवीने शरीराला धोका नसतो. थपडेविरुद्ध हक्क आहे, पण तो थपडेच्या मापाचा आहे, कारण आवश्यकतेपेक्षा जास्त इजा करता येत नाही असे कलम ३७ बजावते. या भांडणात बंदुकीला काहीच काम नव्हते, आणि तिला मध्ये आणल्यामुळे आता तिच्या नळीपासून चार जणांचे हात वीतभर अंतरावर आले आहेत. त्यातल्या कोणी रागाच्या भरात पट्टा ओढला, तर थपडेचे भांडण एका क्षणात जिवावरचे होते आणि रक्षकाला गोळी झाडावी लागते, ती त्याने स्वतः आणलेल्या धोक्यामुळे. म्हणून भांडण सोडवणे हे काम नि:शस्त्र माणसाचे समजावे. शस्त्रधारी माणसाने पाठ भिंतीला लावावी, दस्ता काखेत दाबून नळी जमिनीकडे ठेवावी, मोठ्या आवाजात नावाने किंवा 'दादा', 'काका' म्हणून हाक मारावी, दाराची वाट मोकळी ठेवावी आणि दुसऱ्या कोणाला ११२ फिरवायला सांगावे. तापलेल्या माणसाला बाहेर जायची वाट दिसत असली, की निम्मी भांडणे पायऱ्यांवरच विरतात. हा माझा अनुभव आहे, कायदा नव्हे.

कामावरून काढलेल्या माणसाचा प्रसंग यापेक्षा अवघड असतो. सकाळी हिशेब हातात ठेवलेला गोदामातला हमाल फोनवर सांगतो, की संध्याकाळी पाचला येऊन एकेकाला बघून घेतो. मालक रक्षकाला सांगतो, "भरून तयार बस." हे चूक आहे. सरकारी यंत्रणेचे संरक्षण घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर बचावाचा हक्क उरत नाही, हेही कलम ३७ मध्येच आहे, आणि सकाळपासून पाचपर्यंत ठाण्यात जाऊन यायला भरपूर वेळ असतो. कळवूनही पोलीस पोहोचले नाहीत आणि तो खरोखर कोयता उगारून आत आला, तर हक्क पूर्ण जिवंत आहे. तो फाटकाबाहेर उभा राहून नुसता आरडाओरडा करीत असेल, तर नाही. तिथे फाटकाची कडी लावणे हाच उत्तम हस्तक्षेप होय.

आता दोन गोष्टी, ज्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. पहिली हवाई फायर. हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि छताखाली झाडली तर काँक्रीटवरून उसळून येते. बेदरकारपणे किंवा हलगर्जीने गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यातच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही आहेत. वरातीतल्या गोळीबारासाठी आलेली ही तरतूद बँकेच्या दारातल्या शूरालाही लागू होते. दुसरी, "मी पायावर मारली." मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते आणि ती तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. शिवाय पायावर नेम धरण्याइतकी सवड होती असे तुम्ही म्हणता, त्याच क्षणी समोरचा वकील विचारतो, की मग जिवाची भीती कुठे होती? गोळी झाडण्यासारखी वेळ असेल तर ती पूर्ण असते, नसेल तर बंदूक खांद्यावरच राहते. मधली पायरी मला मान्य नाही. नुसती धाक दाखवण्यासाठी बंदूक रोखणे हीसुद्धा फुकटची गोष्ट नव्हे, कारण ठार मारण्याच्या धमकीला न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आजूबाजूच्या निरपराध माणसांविषयी कलम ४४ आहे. मृत्यूची वाजवी भीती असेल आणि दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर तो धोका पत्करता येतो. बारा बोरच्या काडतुसातले छर्रे पुढे जाताना पसरत जातात, हे ध्यानात घेतले तर बावीस फूट लांबीच्या शाखेत, पेन्शनच्या दिवशी, हे कलम आपल्याला किती उपयोगी पडेल याचा अंदाज प्रत्येकाने खुर्च्या मोजून करावा. मालमत्तेसाठी ही सूट नाही.

शेवटी आदेशाबद्दल. गोळी झाडल्यावर बचावाची परिस्थिती दाखवून देण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे झाडणाऱ्यावरच येतो. तो सरकारी पक्षाइतका जड नसतो. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. पण त्यासाठी सांगावे लागते ते असे: कोयता उजव्या हातात होता, रोखपाल त्याच्यापासून हातभर अंतरावर होता, मी ओरडलो, तो थांबला नाही. व्यवस्थापकाने "मार!" म्हटले म्हणून झाडली, हे त्या जबाबात कुठेच बसत नाही. संस्था आपल्या रक्षकाला कायद्याने दिलेली मोकळीक लेखी सूचनांनी आवळू शकते, पण ती वाढवून देऊ शकत नाही. एका शाखेत भिंतीवर मी 'लुटारू पळताना दिसल्यास गोळी चालवावी' असा फलक पाहिला होता, खाली शिक्का आणि सही. मी रक्षकाला बाजूला घेऊन विचारले, की हे वाचून तू काय करशील? तो म्हणाला, "साहेब, सही ज्यांची आहे त्यांनाच आधी बोलावीन."