पडद्यावरचे अंतराळवीर तरंगत का नव्हते?

रविवारची सकाळ, इंदूर. पोहे-जलेबी आटोपलेली, आणि भाचा चिकट बोटांनी माझ्या फोनवर एक जुनी काळी-पांढरी मालिका बघत बसलेला. 'फायरबॉल एक्सएल-५', ब्रिटनमधली, १९६२-६३ सालची. यानाचा कप्तान, डॉक्टर, पारदर्शक यंत्रमानव, सगळ्या दोरीवरच्या बाहुल्या. दोनच मिनिटांत त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "मामा, ये तो चल रहे हैं!" घर मराठी असलं तरी तक्रार करायची वेळ आली की आमच्याकडे पोरांच्या तोंडून हिंदीच निघते.

त्याचं बरोबर होतं. २०२५ साली शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात तरंगत होते ते या पोरानं पाहिलंय. अंतराळात माणूस चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. आम्हाला त्याच्या वयात ही शंका आली नव्हती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं, पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आलं, त्यातल्या खलनायक जखाकूची नक्कल गल्लीतल्या प्रत्येक पोरानं केली. त्या सगळ्या यानांमधून मंडळी आपली राजवाड्यावर फिरायला निघाल्यासारखी चालायची आणि आम्ही मान डोलवायचो.

मोठेपणी या मालिकांची 'अवैज्ञानिक' म्हणून टिंगल करायची फॅशन असते. मीही केली आहे. पण थोडं खोलात गेलं की दिसतं, यातल्या बऱ्याचशा चुकांमागे अज्ञान नव्हतं, पैशाचा हिशेब होता. स्टुडिओ पृथ्वीवर असतो. तिथे गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं आणि ते नसल्याचा देखावा महाग पडतो. अंतराळात नेमकं उलटं.

आधी 'नसणं' म्हणजे काय ते बघू, कारण गोंधळ तिथेच होतो. अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नाही, इथल्या जवळजवळ ८९ टक्के शिल्लक आहे. मग माणसं तरंगतात का? कारण स्थानक, त्यातली माणसं, त्यांचा टूथब्रश, सगळं एकाच वेगानं सतत पडत असतं. ताशी साधारण २७,६०० किलोमीटर वेगानं पुढे जात असल्यामुळे ते पृथ्वीकडे पडतं आणि प्रत्येक वेळी पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळून जाते. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली निघतो त्या क्षणी पोटात गोळा येतो ना? तीच भावना, थोडी नाही तर पूर्ण, आणि न संपणारी.

ही भावना जमिनीजवळ खरीखुरी हवी असेल तर विमान विशिष्ट कमानीत उडवावं लागतं. दर कमानीला वीस-पंचवीस सेकंद मिळतात, मग सगळे धपकन खाली. मुलांच्या मालिकेला हे कुठून परवडणार? तेव्हा यानात 'कृत्रिम गुरुत्वाकर्षण' आहे असं एकदा म्हणायचं आणि गोष्ट पुढे न्यायची.

बाहुल्यांची अडचण तर दुहेरी. 'फायरबॉल' बनवणाऱ्या जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याच्या चमूनं बाहुल्यांना बोलतं करायचं तंत्र वाढवलं. बाहुलीला लटकवणाऱ्या बारीक तारांमधूनच वीज जायची. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादातून निघालेले विजेचे ठोके डोक्यातल्या छोट्या विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यापर्यंत पोचायचे आणि खालचा ओठ शब्दाशब्दाला हलायचा. वेटोळं मावायला डोकं मोठं ठेवावं लागे. म्हणून त्या काळच्या त्यांच्या बाहुल्या धडाच्या मानानं मोठ्या डोक्याच्या दिसतात. आम्हा इंदूरवाल्यांना हा प्रकार परका वाटू नये. अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा, कल्याण मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघत आमची रात्र जागून काढलेली. राक्षसाचा हात वर-खाली होतो तो खालच्या मोटरमुळे, हे ठाऊक असूनही आम्ही तोंड उघडं ठेवून बघायचो. आणि झांकीतला देव कधी चालत नसतो, ट्रक चालतो! अँडरसन मंडळींनी तेच केलं. तारांवरची बाहुली चालायला लागली की बोंब होते, म्हणून त्यांना तरंगत्या छोट्या गाड्यांवर बसवून टाकलं.

त्याच मालिकेत प्राणवायूच्या गोळ्या आहेत. गोळी खायची आणि शिरस्त्राणाशिवाय अंतराळात बाहेर पडायचं. बाहुलीच्या चेहऱ्यापुढे काच आली की त्यात स्टुडिओचे दिवे चमकणार, तारा अडकणार; ही सोय कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ते कळायला पदवी लागत नाही. पण हिशेब करून बघायला मजा येते. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे मिनिटाला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त. अर्ध्या ग्रॅमची अख्खी गोळी शुद्ध ऑक्सिजनची मानली तरी ती एक मिनिटही पुरणार नाही. आणि ती पोटात जाणार, फुप्फुसात नाही.

खरं संकट मात्र श्वासाचं नाही, दाबाचं आहे. हवेचा दाब घटला की पाणी कमी तापमानाला उकळतं. सुमारे १९ किलोमीटर उंचीवर दाब इतका उतरतो की पाणी ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेलाच उकळू लागतं. रक्त शिरांमध्ये बंदिस्त असल्यानं लगेच उकळत नाही, पण तोंडातली लाळ आणि डोळ्यातलं पाणी उघड्यावर असतं. डिसेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी देत असताना जिम लेब्लांक यांच्या पोशाखाची नळी सुटली. चौदा-पंधरा सेकंदांत ते बेशुद्ध पडले. कक्षात हवा सोडल्यावर शुद्धीवर आले आणि बचावले. शेवटचं काय आठवतं? जिभेवरची लाळ उकळत असल्याचं जाणवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. भाच्यानं ही गोष्ट माझ्याकडून तीनदा वदवून घेतली.

'स्टार ट्रेक'मध्ये काटकसरीनं तर एक यंत्रच जन्माला घातलं. दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवायचं म्हणजे प्रचंड खर्च. त्याऐवजी माणूस इथे चमचमत विरघळतो आणि तिथे उभा राहतो. झालं. आपल्या अंगात सत्तर लाख कोटी कोटी कोटी अणू आहेत, म्हणजे सातावर सत्तावीस शून्यं. प्रत्येक अणू कुठे आहे हे टिपून घेऊन पलीकडे जसाच्या तसा मांडायचा, हा विचार यान उतरवण्यापेक्षा कितीतरी अवघड. पण पडद्यावर तो स्वस्त. याच मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडल्यावर नासानं १९७६ साली आपल्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'एंटरप्राइझ' ठेवलं, आणि गंमत म्हणजे ते शटल कधी अंतराळात गेलंच नाही. हवेतून घरंगळत उतरण्याच्या चाचण्यांपुरतंच वापरलं गेलं.

आता कृत्रिम गुरुत्वाकर्षण. हे काही निव्वळ थापेबाजी नव्हे. मौत का कुआँ आठवा: मोटरसायकलवाला उभ्या भिंतीवर गोल फिरतो आणि पडत नाही, कारण वेगानं गोल फिरताना भिंत त्याला आत ढकलत राहते. यान असंच फिरवलं तर त्याची बाहेरची भिंत माणसाची जमीन होते. अडचण आकाराची. केंद्रापासून भिंत दहा मीटरवर ठेवली तर पृथ्वीइतकं वजन जाणवायला मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतात. त्यात डोकं पायांपेक्षा केंद्राजवळ, म्हणून डोक्याला ओढ कमी आणि पायांना जास्त. मान वळवली की गरगरणार. मिनिटाला दोन निवांत फेऱ्या हव्या असतील तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर पाहिजे. आजचं अख्खं अंतराळ स्थानक १०९ मीटर लांब आहे.

प्रयोग झाला नाही असं नाही. 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला लागला. चारच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, नासाचं जेमिनी-११ हे यान निघालं. त्यातल्या दोघांनी आपलं यान दुसऱ्या एका रॉकेटला ३० मीटर लांबीच्या पट्ट्यानं बांधलं आणि दोन्ही एकमेकांभोवती सावकाश फिरवली. गुरुत्वाकर्षण मिळालं: पृथ्वीच्या ०.०००१५ पट. पॅनलपाशी सोडलेला कॅमेरा हळूहळू मागच्या बाजूला सरकला, एवढंच. तिकडे टीव्हीवर त्याच आठवड्यात कप्तान साहेब ऐटीत फेऱ्या मारत होते. स्फोट झाला की कॅमेरा तिरपा करायचा आणि सगळ्यांनी एकाच बाजूला झुकायचं, एवढी त्यांची गुरुत्वाकर्षणाशी झटापट.

भाच्याला हे सगळं पटलं, पण त्याला बघायचं होतं. मग प्लास्टिकच्या बाटलीला खाली दोन भोकं पाडली, बोटांनी दाबून पाणी भरलं आणि आम्ही गच्चीवर गेलो. बोटं काढली तर दोन धारा सुटल्या, जशा सुटायला हव्यात. मग बाटली सोडून दिली. गच्ची आठेक मीटर उंच, म्हणजे हातात सव्वा सेकंद. तो खाली अंगणात फोन घेऊन उभा होता, चित्रण मंद गतीत लावून.

बाटली सुटते त्या क्षणी धारा थांबतात. पाणी आणि बाटली एकाच वेगानं पडत असल्यामुळे पाण्याला भोकातून निघायचं कारणच उरत नाही. फोनवर ती बाटली मुकाट, कोरड्या बुडानं खाली येताना दिसते आणि फरशीवर आदळली की सगळं पाणी एकदम बाहेर. त्यानं तो तुकडा मागे-पुढे करून पाहिला, मग वर बघून ओरडला, "मामा, एक बार और!" सहाव्या खेपेला बाटली फुटली आणि आम्ही दुसरी शोधायला स्वयंपाकघरात गेलो.