कान वाहणे

कानाच्या पडद्याला भोक पडून त्यातून पू किंवा चिकट स्राव सतत अथवा अधूनमधून येत राहणे, याला कान वाहणे म्हणतात. घरात ‘कान फुटला’ असेही म्हटले जाते. वैद्यकीय भाषेत हा दीर्घकालीन पूयुक्त मध्यकर्णशोथ. जागतिक आरोग्य संघटना दोन आठवडे वाहणाऱ्या कानालाही या आजारात धरते. कित्येक पाठ्यपुस्तके सहा आठवडे किंवा तीन महिन्यांची मुदत लावतात. संघटनेच्या २००४ च्या अहवालात जगातील अशा रुग्णांची संख्या साडेसहा ते तेहतीस कोटींच्या दरम्यान मानली होती आणि सर्वाधिक प्रमाणाच्या गटात भारताचा समावेश होता. बहुतेकांची सुरुवात बालपणी होते.

पडद्याचा व्यास ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. त्यामागच्या हवेने भरलेल्या पोकळीत हातोडा, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. पडद्याचा कंप पावणारा भाग रिकिबीच्या तळपट्टीच्या सुमारे सतरापट मोठा असल्याने आणि हाडांच्या तरफेमुळे आवाजाचा दाब आतल्या कानापर्यंत वीसेक पटींनी वाढून पोहोचतो. पडद्याला भोक पडले की ही वाढ घटते. पुवाने ऐरणीचे लांब टोक झिजले (बहुधा तेच आधी झिजते) तर साखळीच तुटते आणि बहिरेपणा ५० ते ६० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो.

मध्यकर्णाला घशाच्या वरच्या भागाशी जोडणारी युस्टेशियन नळी प्रौढात साधारण ३६ मिलिमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळपास निम्मी, रुंद आणि आडवी असते. त्यामुळे सर्दीतले जंतू लहान मुलांच्या कानात सहज शिरतात. वाढलेले अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी), चुलीचा किंवा विडीचा धूर, दाटीवाटीची वस्ती, कुपोषण आणि बाळाला आडवे ठेवून बाटलीने पाजणे यांनी धोका वाढतो. एकदा भोक कायम राहिले की बाहेरूनही जंतू येतात. स्रावात मुख्यतः स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस हे जंतू सापडतात. विहिरीत किंवा नदीत पोहल्यावर, डोक्यावरून आंघोळ केल्यावर कान पुन्हा वाहू लागतो तो यामुळे.

आजाराचे दोन प्रकार आहेत आणि सारे निदान त्यांतला फरक ओळखण्यावर उभे आहे. पहिल्यात भोक पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागात असते. स्राव भरपूर, तारेसारखा ओढला जाणारा, बहुधा वास नसलेला, आणि सर्दीबरोबर वाढणारा. दुसऱ्यात पडद्याचा वरचा किंवा मागचा-वरचा भाग आत ओढला जाऊन खिसा तयार होतो. त्या खिशातली त्वचा आपल्या मृत पेशींचे थर टाकत राहते आणि पांढरट, मोत्यासारखा कोलेस्टिॲटोमा वाढत जातो. तो कर्करोग नव्हे, पण हाड खातो. यात स्राव थोडासाच येतो, कधी रक्त मिसळलेला, आणि त्याला कुजकट दुर्गंधी असते. पालक नेमके उलटे समजतात. उशी भिजवणाऱ्या कानासाठी दवाखाना गाठला जातो. थेंबभर, घाण वासाचा, न दुखणारा कान वर्षानुवर्षे तसाच राहतो. जास्त धोका या दुसऱ्या प्रकारच्या कानाला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगताना कर्णस्राव आणि दुर्गंधी असलेला पूतिकर्ण हे वेगळे नोंदवले आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मध्यकर्णाचे छत म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा; त्याच्यावर लगेच मेंदू. चेहऱ्याची नस याच पोकळीच्या भिंतीतून जाते. म्हणून वाहणाऱ्या कानाच्या रुग्णाला कानामागे सूज, तीव्र डोकेदुखी, उलट्या, थंडी वाजून ताप, गरगरणे किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूज्वर किंवा मेंदूतला गळू यांची ही सुरुवात असू शकते. पहिल्या प्रकाराला पुस्तकांत ‘सुरक्षित’ म्हणतात, पण ज्या मुलाला शाळेची सगळी वर्षे बाई काय म्हणाल्या हे अर्धेच ऐकू येते, त्याच्यासाठी हे विशेषण फार उदार आहे.

तपासणीत आधी कान साफ करावा लागतो, कारण पुवाखाली पडदा दिसतच नाही. मग ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा कानासमोर आणि कानामागच्या हाडावर आळीपाळीने धरतात. आडोल्फ रिन्ने यांनी १८५५ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात होते: हाडावर धरल्यावर आवाज मोठा वाटला तर दोष बाहेरच्या किंवा मध्यकर्णात आहे. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख, त्याचे मोजमाप देतो. कोलेस्टिॲटोमाचा संशय असल्यास सीटी स्कॅन काढतात.

उपचाराचा पहिला टप्पा कान कोरडा करणे. सळईच्या टोकाला कापूस सैल गुंडाळून तो कोरडा निघेपर्यंत स्राव टिपायचा, मग सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब घालून कानासमोरची कूर्चा काही वेळा दाबायची, म्हणजे औषध भोकातून आत उतरते. अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यांत पोटात घेतलेल्या प्रतिजैविकांपेक्षा क्विनोलोन गटाचे (सिप्रोफ्लॉक्सासिन याच गटातले) थेंब कान सुकवण्यात सरस ठरले आहेत, कारण जागेवर औषधाची तीव्रता कितीतरी पट जास्त मिळते. जेंटामायसिनसारखी औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून भोक असलेल्या कानात ती टाळणे बरे. लसूण घालून कोमट केलेले तेल अनेक घरांत आजही वापरतात. वाहत्या कानात ते घालू नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा पुरतो.

भोक बुजले नाही तर शस्त्रक्रिया. जर्मनीतील हाले येथील श्वार्ट्‌झ यांनी १८७३ मध्ये कानामागचे मॅस्टॉइड हाड कोरून पू काढण्याची पद्धत रूढ केली; त्या काळी जीव वाचवणे एवढेच उद्दिष्ट होते आणि पुढच्या मूलगामी शस्त्रक्रियांत ऐकण्याचा बळी जाई. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतच वुल्स्टाइन आणि झोलनर यांनी पडदा व हाडांची साखळी पुन्हा उभारण्याची टिम्पॅनोप्लास्टी मांडली. त्याच सुमारास आलेल्या शस्त्रक्रिया-सूक्ष्मदर्शकाने ती शक्य केली. आरंभी भोकावर लावलेली त्वचा टिकेना. दशकाच्या अखेरीस कानाच्या वरच्या स्नायूवरचे आवरण वापरात आले आणि तेच आजवर चालू आहे. ते पातळ आवरण काढून सुकवले की कागदासारखे कडक होते. भोकाच्या कडा खरवडून ताज्या करतात, पडदा त्वचेसकट उचलून पुढे लोटतात, आवरण खालून सरकवतात आणि जेलफोम या विरघळणाऱ्या स्पंजाच्या तुकड्यांवर टेकवतात. झिजलेल्या हाडाऐवजी रुग्णाचीच कूर्चा किंवा टायटॅनियमचा छोटा दांडा बसवता येतो. १९९० च्या दशकापासून दुर्बिणीने कानाच्या नळीतूनच हे काम करण्याची पद्धत वाढली आहे; कोपरे छान दिसतात, पण एक हात दुर्बीण धरण्यात अडकतो.

भारतात बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत सुरू झाला. शाळेत कान तपासणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातच कान साफ करून थेंब देणे, ही त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची कामे आहेत.

कोलेस्टिॲटोमा काढल्यावरही त्याचा कण मागे राहून पुन्हा वाढू शकतो. पूर्वी त्यासाठी काही महिन्यांनी कान पुन्हा उघडून पाहावा लागे. आता विशिष्ट पद्धतीच्या एमआरआयमध्ये तीनेक मिलिमीटरचा अवशेषही दिसतो, त्यामुळे अनेक रुग्णांची दुसरी शस्त्रक्रिया टळते. तपासणीला येत राहणे मात्र काही वर्षे चुकवून चालत नाही.