भिडू कोण मिळतो, यावर बरंच ठरतं

उत्तर इराकमध्ये मोसुलपासून साधारण ३० किलोमीटरवर काराकोश हे गाव आहे. वस्ती मुख्यतः ख्रिश्चनांची. ऑगस्ट २०१४मध्ये आयसिसचे सैनिक चालून आले आणि गाव जवळजवळ एका रात्रीत ओस पडलं. २०१६च्या अखेरीस ते पुन्हा मोकळं झालं, माणसं हळूहळू परतू लागली. घरं डागडुजी करून उभी राहत होती, पण आसपासच्या मुसलमानांवरचा विश्वास उडाला होता तो उडालाच. आयसिसने मुसलमानांनाही बेघर केलं होतं, हे ठाऊक असूनही.

या भागात सल्मा मूसा या राज्यशास्त्राच्या संशोधक एक प्रयोग घेऊन गेल्या. काराकोश आणि एर्बिल शहरातल्या हौशी ख्रिश्चन फुटबॉल संघांसाठी त्यांनी स्पर्धा भरवली. प्रत्येक संघाला तीन-चार जादा खेळाडू मिळणार होते. ते कोण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं होतं. काही संघांना ख्रिश्चन भिडू मिळाले, काहींना मुसलमान. बाकी मैदान, पंच, सामने सगळं सारखंच. त्यामुळे पुढे जो फरक दिसेल तो भिडूंमुळेच, असं म्हणता येणार होतं. समाजशास्त्रातले प्रश्न इतक्या स्वच्छपणे तपासायला क्वचितच मिळतात, आणि तेही युद्धाच्या राखेत. म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

निकाल २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. ज्यांना मुसलमान भिडू मिळाले होते, ते खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या संघातल्या मुसलमान खेळाडूलाही जास्त मतं देत होते. पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव नोंदवायला ते जास्त तयार होते. स्पर्धा संपल्यावर सहा महिन्यांनीही मुसलमान खेळाडूंबरोबर सराव करताना तेच जास्त दिसत होते. नुसतं तोंडाने ‘आमच्या मनात काही नाही’ म्हणणं वेगळं आणि संध्याकाळी बूट चढवून त्यांच्यासोबत मैदानावर उतरणं वेगळं.

पण याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. खेळाडूंना मुसलमानबहुल मोसुलमधल्या एका रेस्टॉरंटची सवलतीची कुपनं दिली होती. दोन्ही समाजांच्या एकत्र मेळाव्याचं आमंत्रणही होतं. मिश्र संघातले तरुण या दोन्ही ठिकाणी इतरांपेक्षा फारसे जास्त गेले नाहीत. मैदानावर ज्याला विश्वासाने पास दिला, त्याच्या समाजाच्या शहरात जाऊन जेवायला पाय उचलला नाही.

शत्रुत्व भोगलेली माणसं एकत्र आली की आपोआप जवळ येतात, हा समज किती कच्चा आहे ते १९५४पासून ठाऊक आहे. त्या वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने नुसता संपर्क पुरेसा नसतो, असं मांडलं. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे आणि वरच्या लोकांचा या सगळ्याला पाठिंबा हवा.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. सगळी चांगल्या घरातली, एकसारख्या वळणाची मुलं. त्यांचे दोन गट पाडले आणि बेसबॉल, रस्सीखेच असे सामने लावले. काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाड घालणं सुरू झालं. म्हणजे जिथे वैर नव्हतंच, तिथे ते खेळाने निर्माण केलं! मग मुलांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. तिथेही शिव्या आणि अन्नाची फेकाफेक. शेवटी शिबिराचं पाणी बंद पडलं, सामानाचा ट्रक सुरू होईना. या अडचणी अर्थातच संशोधकांनी मुद्दाम घडवून आणल्या होत्या. दोन्ही गटांनी मिळून तो ट्रक ओढला, आणि ओढायला दोर वापरला तो रस्सीखेचीचाच. एरवी दोन टोकांना उभी राहून ओढणारी मुलं आता एकाच बाजूने ओढत होती. असे काही प्रसंग झाल्यावर वैर विरत गेलं.

तो दोर मला या विषयाचं सार वाटतो. खेळ तोच, साधन तेच. माणसं कशी उभी केली आहेत यावर परिणाम उलटासुलटा होतो. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने वाराणसीच्या आसपास वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा घेऊन हेच तपासलं. तिथे युद्ध नव्हतं, पण समाजातली भिंत होती. एका संघात खेळलेल्यांची जातीपलीकडे मैत्री वाढली. समोरासमोर आलेल्यांमध्ये मात्र ती सहसा घटलीच. सगळं जमेला धरल्यावर स्पर्धेचा एकूण परिणाम चांगला निघाला, ही दिलाशाची बाब.

एका संघात असण्याला शरीराचीही साथ असते. २०१०मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी नौकानयन करणाऱ्या खेळाडूंना व्यायामशाळेतल्या यंत्रांवर कधी एकेकटं, तर कधी सगळ्यांसोबत एका लयीत वल्हवायला लावलं. मेहनत सारखीच, पण सोबत वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. एंडॉर्फिन ही मेंदूतली वेदनाशामक रसायनं जास्त स्रवत असावीत, असा त्यांचा तर्क. आपुलकीच्या भावनेशीही याच रसायनांचा संबंध जोडला जातो.

तरी इथे घाई नको. उत्तर युगांडातल्या गुलू भागाने दोन दशकांचं बंड सोसलं. हजारो मुलं पळवली गेली, त्यांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. तिथे ११ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी ११ आठवड्यांची फुटबॉल लीग झाली. तिचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. मुलींवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. मुलग्यांच्या बाबतीत न खेळलेल्यांशी तुलना केली, तेव्हा खेळलेल्यांमध्ये उदासी आणि चिंतेची लक्षणं जास्त आढळली. हे वाचून मी बराच वेळ थांबले. आधीच हरवलेपण घेऊन आलेल्या मुलाला दर आठवड्याला गुणतक्ता दाखवला, तर त्याच्या मनावर काय उमटत असेल? एका अभ्यासावरून खेळ बाद ठरवू नये, हे खरं. पण ‘मुलांना बॉल द्या, बाकी आपोआप होईल’ असं म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष बाजूला सारू नये.

मग खेळाचे नियमच बदलले तर? २ जुलै १९९४ला कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याची मेदेयिन शहरात गोळ्या झाडून हत्या झाली. दहाच दिवसांपूर्वी विश्वचषकात त्याच्याकडून स्वयंगोल झाला होता. त्या काळी मेदेयिनमध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांनी वस्त्या वाटून घेतल्या होत्या आणि एका वस्तीतल्या मुलाला दुसऱ्या वस्तीत जाणं जिवावर बेतायचं. तिथे शिकणाऱ्या युर्गन ग्रीसबेक या जर्मन तरुणाने सहकाऱ्यांसोबत १९९६मध्ये शांततेसाठी फुटबॉल सुरू केला. त्यात पंचच नव्हता. मुलंमुली एकाच संघात, आणि संघाचा पहिला गोल मुलीनेच करायचा. एका फटक्यात दांडगाईचा भाव उतरला, कारण मुलीपर्यंत चेंडू पोहोचवल्याशिवाय खातंच उघडत नव्हतं. याच वाटेने पुढे तीन भागांचा खेळ रूढ झाला. आधी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून कोण सचोटीने खेळलं याचे गुण मिळून द्यायचे. पंच नसल्याने पायात पाय घातला की भांडण शिट्टीने मिटत नाही, ते बोलूनच मिटवावं लागतं. बंदुकीने वाद मिटताना पाहिलेल्या पोरांना हा सराव मिळतो, आणि तोही दर सामन्याला.

उरतो तो मोसुलच्या कुपनांचा प्रश्न. मैदानावरचा विश्वास मैदानाबाहेर कसा न्यायचा? बोस्नियात यावर एक वाट निघाली. १९९२ ते १९९५च्या युद्धाच्या वेळी डेन्मार्कचे अँडर्स लेव्हिन्सन तिथे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित मदतकार्यात होते. १९९८मध्ये त्यांनी मुलांसाठी खुल्या फुटबॉल शाळा सुरू केल्या. मुलांचे गट वंश पाहून पाडायचे नाहीत, जिंकण्यावर भर द्यायचा नाही, हे तर होतंच. पण त्यांची खरी नजर मोठ्यांवर होती. युद्धाने दुभंगलेल्या शेजारच्या गावांनी ही शाळा मिळूनच भरवायची. प्रशिक्षक दोन्हीकडचे, स्वयंसेवक दोन्हीकडचे, मैदानाची परवानगी आणि मुलांच्या बसची सोय दोन्ही नगरपालिकांनी बसून ठरवायची. मुलं चार-पाच दिवस खेळून घरी जातात. पण पुढच्या उन्हाळ्यात शाळा हवी असेल तर कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या गावांतल्या कुणीतरी पहिला फोन करावाच लागतो.